नमुना कोणत्या बाजूला खोटं बोलतो?

मागच्या महिन्यात बाबांची उपाशीपोटीची साखर दोनदा तपासली. पहिल्यांदा घरी येऊन रक्त नेलं. सांगलीत आता ही सोय गल्लोगल्ली झालीय. सकाळी सातला मोटारसायकलवर एक मुलगा आला, त्याने दोन नळ्या भरल्या, सॅकमध्ये टाकल्या आणि पुढच्या घरी गेला. त्याची अजून सात-आठ घरं बाकी होती. दुपारी रिपोर्ट आला, साखर 118. चार दिवसांनी वेगळ्याच कामासाठी एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे रक्त काढलं आणि खालच्याच मजल्यावर लगेच तपासलं. साखर 131.

आता 118 आणि 131 यांच्यात 126 ही रेषा आहे. अलीकडे 'सांभाळून राहा', पलीकडे 'मधुमेह'. बाबांना अर्थातच 118 वाला रिपोर्ट आवडला. आई म्हणाली, "दवाखान्याचं मशीन बिघडलं असणार." मी म्हटलं बघूया तरी, आणि अख्खा विकांत त्यात गेला. (प्रोग्रॅमरला दोन सर्व्हरवरून दोन वेगळी उत्तरं आली की झोप लागत नाही. त्यातलाच प्रकार.)

आधीच सांगतो, चार दिवसांच्या अंतराने माणसाच्या साखरेत एवढा फरक आपसूकही पडू शकतो. त्यामुळे त्या मुलाच्या सॅकवर खापर फोडायचा माझा इरादा नाही. पण वाचता वाचता जे हाती लागलं ते साखरेपेक्षा बरंच मोठं निघालं, म्हणून हा लेख.

मुळात माझी समजूत अशी होती की रक्त काढलं की संपलं. नळीतलं रक्त म्हणजे फोटो, त्या क्षणी जे होतं ते त्यात गोठलं. ही समजूत साफ चूक आहे. नळीतल्या लाल पेशींना आपण शरीराबाहेर आलोय याचा पत्ता नसतो. त्या आपल्या खात बसतात, आणि त्यांचं खाणं म्हणजे साखर. साध्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर दर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. सातला काढलेलं रक्त नऊपर्यंत तसंच राहिलं तर 131 चे 118 व्हायला काहीच हरकत नाही.

गंमत म्हणजे चयापचयाच्या संशोधनातला एक फार मोठा शोध याच भानगडीतून लागला. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. 1850 च्या दशकात ते यकृतातली साखर मोजत होते. प्रत्येक यकृताची दोनदा मोजणी करायची हा त्यांचा शिरस्ता. एके दिवशी वेळ कमी पडला, म्हणून एक मोजणी लगेच केली आणि दुसरी दुसऱ्या दिवसावर टाकली. दुसऱ्या दिवशी साखर कितीतरी जास्त भरली! दुसरा कुणी असता तर 'पहिली मोजणी चुकली' म्हणून वहीत काट मारून मोकळा झाला असता. बर्नारनी 1855 मध्ये पुढचा प्रयोग केला. ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून सोडून सगळी साखर धुवून काढली. धुतलेल्या यकृतात साखर नाही याची खात्री केली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर! म्हणजे यकृतात साखर बनवणारा काहीतरी साठा असला पाहिजे आणि प्राणी मेल्यावरही ते काम चालू राहतंय. 1857 मध्ये त्यांनी तो साठा वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन नाव दिलं.

म्हणजे पहा, एकच उशीर. रक्ताच्या नळीत साखर कमी दाखवतो, यकृतात जास्त. नमुना बिघडतो तेव्हा तो आंधळेपणाने बिघडत नाही, एका ठराविक दिशेने बिघडतो. ही दिशा माहीत असेल तर अर्धी लढाई जिंकली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुण्यात लागणार आहे.

आपल्याकडे हे ज्ञान खरं तर प्रत्येक गावच्या दूध डेअरीत होतं. सातारा-सांगली पट्ट्यात लहानपण गेलेल्यांना फॅट काढायचा तो कार्यक्रम आठवत असेल. बुटीत काचेची जाड नळी, त्यात गंधकाचं आम्ल, त्यावर मोजून दूध, थोडं अमाईल अल्कोहोल, बूच मारून हलवायचं (नळी हाताला चटका बसण्याइतकी तापते) आणि मग हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालून गरागरा फिरवायचं. ही स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बरची 1890 च्या दशकातली पद्धत. ती भिलवडीपासून फलटणपर्यंत चालली. फॅटवर पैसे, त्यामुळे नमुना कसा घेतला यावर रोज भांडण. कॅन न ढवळता वरून नमुना घेतला तर साय वर आलेली असते, फॅट जास्त लागतो. तळातून घेतला तर कमी. दूध नासलं तर फॅट धड मोजताच येत नाही, म्हणून साठवायच्या नमुन्यात फॉर्मलिनचे थेंब टाकायचे. शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यालाही पक्कं ठाऊक असायचं की कोणता नमुना आपल्या बाजूने खोटं बोलतो आणि कोणता डेअरीच्या. लॅबवाल्यांनी वेगळं काय केलं? त्यांनी फक्त ते लिहून ठेवलं.

असो. रक्ताकडे येऊ.

साखर थांबवायचा रूढ उपाय म्हणजे सोडियम फ्लोराइड, राखाडी टोपणाची नळी. आता यातली मेख बघा. पेशीत साखर फोडायच्या दहा पायऱ्या असतात. फ्लोराइड नववी पायरी अडवतं. पाइपलाइनमधला शेवटून दुसरा टप्पा बंद केलात तरी पहिला टप्पा लगेच थांबत नाही, मागे रांग साचेपर्यंत तो माल आत घेतच राहतो. तसंच इथेही पहिला तास-दोन तास साखर उतरतच राहते, नंतर थांबते. म्हणजे ज्या वेळात संरक्षण हवं नेमक्या त्याच वेळात ते मिळत नाही. सायट्रेट घातलेल्या नळ्या पहिल्याच पायरीवर घाव घालतात, त्या जास्त चांगल्या. नाहीतर सरळ बर्फाच्या पाण्यात नळी ठेवायची आणि अर्ध्या तासात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. जेवणारेच पंगतीतून उठवले की ताट सुरक्षित.

मग सगळंच बर्फात का ठेवू नये? कारण एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. पेशीच्या भिंतीत पोटॅशियम आत ओढणारे पंप असतात. थंडीने ते बंद पडतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. बर्फात ठेवलेल्या रक्ताचा पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिला तर धडधाकट माणसाला अतिदक्षता विभागात हलवावंसं वाटेल. इन्सुलिनचं तिसरंच. लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एक विकर इन्सुलिन खाऊन टाकतं. म्हणजे फुटलेल्या रक्तात इन्सुलिन कमी लागतं. आणि होमोसिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ते याच्या उलट. पेशी ते सतत बाहेर टाकत राहतात, त्यामुळे नळी तशीच पडून राहिली तर ते तासाला साधारण 10 टक्क्यांनी वाढतं.

आता साठवणीचं. प्लाझ्मा वेगळा केला, मग घरच्या फ्रीजरमध्ये उणे 20 ला टाकला तर चालेल का? दिसायला तो दगडासारखा गोठतो. पण मिठाचं पाणी पूर्ण गोठायला उणे 21 च्या खाली जावं लागतं. उणे 20 ला त्या दगडाच्या आत दाट खारट पाण्याचे बारीक बारीक कप्पे शिल्लक असतात आणि त्यात विकरं हळूहळू का होईना काम करत राहतात. त्यात आपले 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीज बर्फ वितळवण्यासाठी अधूनमधून स्वतःच गरम होतात! म्हणून संशोधनासाठी उणे 70-80 चे फ्रीजर. त्यात दोन कॉम्प्रेसर असतात, पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा कप्प्याला. आणि एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवायचा नाही, म्हणून सुरुवातीलाच एका नळीच्या चार-पाच छोट्या कुप्या करायच्या. प्रत्येक कुपीवर थंडीत न सुटणारं लेबल, न पुसणारी शाई, आणि कोणती कुपी कोणत्या फ्रीजरच्या कोणत्या खणात याची वही. लेबल गळून पडलेली कुपी म्हणजे प्रायमरी की नसलेला रेकॉर्ड, ठेवून उपयोग नाही आणि टाकवत नाही.

हे सगळं वाचताना मला सारखी हरिपूरची पेवं आठवत होती. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. वर अरुंद तोंड, आत मोठं पोट. हळद भरली की तोंड मातीने बंद. आतली हवा संपली की किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात, नाहीतर माणूस गुदमरतो. भाव येईपर्यंत थांबायचं हे सगळं गणित. 2005 च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि आतली हळद गेली. साठवणीचा हाच धोका, इतकी वर्षं सांभाळलेलं एका रात्रीत जातं. उणे 80 च्या फ्रीजरचा पूर म्हणजे वीज जाणं. 2005 नंतरच्या काही वर्षांतलं ग्रामीण महाराष्ट्रातलं भारनियमन आठवा, आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची. त्या राज्यात कुणी वीस-तीस वर्षांसाठी रक्त साठवायला निघालं असेल असं वाटेल का?

पण निघालं होतं. पुण्यात, केईएम हॉस्पिटलच्या मधुमेह विभागात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी.

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये साऊदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशायर परगण्यातली जुनी रजिस्टरं मिळाली होती. 1911 पासून पुढची काही दशकं तिथल्या आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन शाईने लिहून ठेवलं होतं. ती बाळं म्हातारी झाल्यावर बार्कर यांनी त्यांना शोधून काढलं आणि दाखवलं की जन्मतः कमी वजनाच्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त आहे. आईच्या पोटात उपासमार झाली तर शरीर काटकसरीची सवय लावून घेतं, अशी ती कल्पना. मोठा शोध. पण त्यांच्याकडे होते ते फक्त कागद. 1920 साली त्या आईच्या रक्तात काय होतं हे कुणीही कधीच सांगू शकणार नाही.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला तो ही उणीव भरून काढायला. साऊदॅम्प्टनच्या कॅरोलीन फॉल त्यात होत्या, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आहाराचं काम पाहिलं. जवळपास अडीच हजार विवाहित स्त्रिया, दर महिन्याला घरी जाऊन पाळीच्या तारखेची नोंद, म्हणजे दिवस राहिले की ताबडतोब कळावं. जवळजवळ 800 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा झाला. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासणी. काय खाता, किती पाणी आणता, शेतात किती तास. आणि रक्त. बाळ झालं की 72 तासांच्या आत जाऊन त्याची मापं घ्यायची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे लक्षात घेतलं की या 72 तासांच्या नियमाचा अर्थ नीट कळतो.

त्या आयांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. बाळं सरासरी 2.7 किलोची, साऊदॅम्प्टनची 3.5 किलोची. 2003 मध्ये पुण्याच्या 631 आणि साऊदॅम्प्टनच्या 338 बाळांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात चकित करणारी गोष्ट ही की पुण्याचं बाळ सगळीकडून लहान होतं, पोट लहान, दंड बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यामानाने फारशी कमी नव्हती. किडकिडीत पण चरबी धरून असलेलं बाळ. 'थिन-फॅट बेबी' हा शब्द तिथून जगभर गेला. त्याआधी 2002 मध्ये याज्ञिकांनीच पुण्याच्या 157 आणि लंडनच्या 67 बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं होतं. पुण्याच्या बाळांत, वजन कमी असूनही, इन्सुलिन जास्त होतं.

इथे मी थांबलो आणि उलटतपासणी केली. नाळेतलं रक्त घाईत काढतात, पेशी फुटायची शक्यता जास्त. पुण्यात ऊन, गर्दी, ट्रॅफिक. नमुने खराब झाले असतील तर? पण पेशी फुटल्या तर इन्सुलिन कमी लागतं! हाताळणीतला ढिसाळपणा पुण्याच्या बाळांना 'निर्दोष' ठरवण्याच्या बाजूने खोटं बोलला असता. तरी आकडा जास्त आला. म्हणजे या निष्कर्षाचं ओझं त्या शंकेवर टाकता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. 1994-96 मध्ये हे रक्त घेतलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं ते लोह, प्रथिनं, कॅलरी. होमोसिस्टीन हा तेव्हा चर्चेतला विषय नव्हता. रक्तातलं एकूण होमोसिस्टीन सोप्या रीतीने मोजायची पद्धतच 1985 च्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनच्या हेल्गा रेफ्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणली होती. पुढे रेफ्समबाई आणि याज्ञिक यांनी मिळून पुण्यातल्या 204 स्त्रीपुरुषांचं रक्त तपासलं. 2001 मध्ये निकाल छापून आला. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या खुणा! बी-12 कमी असलं की शरीरात दोन गोष्टी साचतात. एक होमोसिस्टीन, दुसरी मिथाइलमॅलोनिक आम्ल.

पहिला आक्षेप तुमच्याही मनात आलाच असेल. होमोसिस्टीन? ते तर नळी पडून राहिली की वाढतं! पुण्याच्या उन्हाळ्यात दोन तास गाडीत राहिलेल्या नळीत ते वाढणारच. मग हा बी-12 चा दुष्काळ आहे की बर्फाचा?

याचं उत्तर त्या दुसऱ्या रेणूत आहे. मिथाइलमॅलोनिक आम्ल अत्यंत स्थिर असतं. नळी तासन्‌तास टेबलावर राहिली तरी ते ना वाढतं ना घटतं. एक साक्षीदार घाबरट, बाहेर काढल्यापासून गोष्ट वाढवून सांगणारा, आणि दुसरा ठोंब्या, काहीही झालं तरी एकच जबानी देणारा. दोघांनीही एकच सांगितलं तर काय समजायचं? आणि बी-12 स्वतःही कमी भरलं, ही तिसरी साक्ष. मला विचाराल तर या सगळ्या शोधकथेतला सर्वात देखणा भाग हाच आहे, आणि जीवनसत्त्वांवरच्या लोकप्रिय लेखांत त्याचा उल्लेख कुठेच सापडत नाही.

मग प्रश्न आला, त्या खेड्यांतल्या आयांचं काय होतं? 1994 ची गरोदर बाई आता परत तपासता येणार नाही. पण फ्रीजरमध्ये तिची कुपी होती. साठवलेल्या त्या प्लाझ्मातून बी-12, होमोसिस्टीन, मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजलं गेलं आणि सहा वर्षांच्या झालेल्या सुमारे 650 मुलांच्या तपासण्यांशी जोडलं गेलं. 2008 मध्ये हा निबंध छापून आला. अठराव्या आठवड्यात दोन तृतीयांश आयांचं बी-12 कमी होतं. मिथाइलमॅलोनिक आम्ल 90 टक्के आयांत वाढलेलं होतं, होमोसिस्टीन 30 टक्क्यांत. (पाहिलंत? इथे तर घाबरट साक्षीदार ठोंब्यापेक्षा कमी बोलतोय. नळ्या उन्हात राहिल्या असत्या तर उलटं दिसलं असतं. अर्थात गरोदरपणात होमोसिस्टीन मुळातच उतरतं, तेही यात धरायला हवं.) लाल पेशींतलं फोलेट मात्र फक्त एका बाईचं कमी होतं, एका!

आणि ज्या आयांचं बी-12 कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वात जास्त होतं. मधुमेहाकडे जाणाऱ्या रस्त्याचा पहिला टप्पा, वयाच्या सहाव्या वर्षी.

आता आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला काय मिळत आलंय ते आठवा. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी, पूर्वी त्यात 100 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असायचं. त्यात बी-12 नाही. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे याज्ञिकही मान्य करतील. फॉलिक आम्लाने अॅनिमिया आणि बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात हेही खरंच, त्यामुळे कृपा करून हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. पण देशभर दिल्या जाणाऱ्या गोळीबद्दल हा प्रश्न विचारता आला तो कशामुळे? खेड्यात काढलेलं रक्त वेळेत थंड केलं, वेळेत फिरवलं, कुप्यांत भरलं, लेबल लावलं आणि दहा-बारा वर्षं वितळू दिलं नाही म्हणून. ज्यांनी हे केलं त्यांतल्या बहुतेकांची नावं निबंधाच्या शेवटी आभारात असतील, नाहीतर तिथेही नसतील.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ज्या बाईने 1994 मध्ये दंड पुढे केला तिला काय सांगितलं असेल? बाळासाठी तपासणी. होमोसिस्टीनचं सांगणं शक्यच नव्हतं, सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वं 2000 मध्ये आली आणि साठवलेल्या नमुन्यांचा पुढे कसा वापर करायचा हा प्रश्न त्यानंतर जास्त काटेकोर होत गेला. पेवात हळद ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पावती असते, हळद त्याच्या नावावर राहते. रक्ताचं तसं नाही. भाव आला तर तो कुणाचा? माझ्यापुरतं मी या प्रश्नाचं उत्तर असं काढलं की संशोधक पुन्हा पुन्हा त्याच घरी गेले का ते पाहायचं. इथे ते गेले. मुलं सहा वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची झाली तेव्हा तेव्हा तपासण्या झाल्या आणि बहुसंख्य कुटुंबं टिकून राहिली. ज्यांना फसवल्यासारखं वाटतं ते लोक अठरा वर्षं दार उघडत नाहीत. हे उत्तर कायद्याच्या कसोटीला उतरेल असं मात्र नाही.

2012 मध्ये पुढचा टप्पा सुरू झाला, 'प्रिया' नावाचा. 1994-96 मध्ये आईच्या पोटात असताना ज्यांची नोंद झाली तीच मुलंमुली आता वयात आली होती. त्यांना लग्नाआधीपासूनच रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 द्यायचं, काहींना सोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना नुसतं तसंच दिसणारं काहीतरी, आणि त्यांना बाळं होतील तेव्हा बघायचं. 2 मायक्रोग्रॅम म्हणजे किती? डोळ्याला दिसणारही नाही. या टप्प्यात नाळेतलं रक्त पुन्हा गोळा झालं. आणि नाळेतल्या रक्ताचा त्रास असा की बाळ रात्री अडीचला येतं, तेव्हा कुणीतरी बर्फ घेऊन जागं असावं लागतं.

बाबांच्या साखरेचं राहिलंच. डॉक्टरांनी तिसरी तपासणी सांगितली, एचबीएवनसी. साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला कायमची चिकटते, त्यामुळे नळी फ्रीजमध्ये दोन दिवस राहिली तरी आकडा हलत नाही. ठोंब्या साक्षीदार. आकडा 6.7 आला, म्हणजे रेषेच्या पलीकडे. बाबांचा चेहरा उतरला. पण मी नुकताच शहाणा झालो होतो, म्हणून डॉक्टरांना विचारलं, की बी-12 किंवा लोह कमी असेल तर लाल पेशी रक्तात जास्त दिवस राहतात आणि हा आकडा उगाच वाढलेला दिसतो म्हणे, ते खरं का? डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं (गूगल केलेल्या पेशंटच्या मुलांकडे बघायची त्यांची एक खास नजर असते :-) ) आणि काही न बोलता चिठ्ठीवर आणखी दोन ओळी लिहिल्या. बी-12 आणि फेरिटिन, सोबत साखर पुन्हा एकदा.

सोमवारी सकाळी सातला जायचंय. लॅबमध्येच. बाबा म्हणतात, घरी येणारा तो पोरगा बिचारा बरा होता, हात हलका होता त्याचा.